मर्ज झालं म्हणजे जुळलं असं नाही

होस्टेलवर 'ब्रँच कोणती?' असं विचारलं की आपण मेकॅनिकल, सिव्हिल असं उत्तर देतो. सॉफ्टवेअरलाही ब्रँच असतात. एकाच प्रोग्रामच्या जुन्या-नव्या व्हर्जनचे काम वेगवेगळ्या ब्रँचवर चालते. एका ब्रँचवरचे बदल दुसरीत मिसळणे म्हणजे मर्ज. त्यासाठी आज सर्रास वापरले जाणारे गिट लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये लिनक्स कर्नलच्या कामासाठी तयार केले.

एक उदाहरण घेऊ. समजा, माहूरच्या एका भक्तनिवासाला आपण खोल्यांच्या बिलाचा प्रोग्राम करून दिला. तिथल्या जुन्या कॉम्प्युटरवर व्हर्जन १ आहे, नांदेडच्या एका लॉजवर व्हर्जन २. नवरात्राच्या तोंडावर माहूरहून निरोप आला, 'उशिरा खोली सोडणाऱ्याला शंभर रुपये जादा लावा.' व्हर्जन १ च्या ब्रँचवर बिलात १०० मिळवणारी नवी फाइल जोडली. नांदेडलाही हीच सोय हवी, म्हणून ती ब्रँच व्हर्जन २ मध्ये मर्ज केली. गिटने काहीच कुरकुर केली नाही.

पण व्हर्जन २ मध्ये सगळा हिशोब पैशांत आहे! ५०० रुपये भाडे म्हणजे तिथे ५०,००० पैसे. त्यात १०० मिळाले आणि बिल निघाले ५०१ रुपयांचे. हवे होते ६००. असं का? गिट फक्त ओळी जुळवते, ओळींचा अर्थ त्याला कळत नाही. दोन्हीकडे एकच ओळ वेगवेगळी बदलली असेल तर ते अडते. बदल वेगळ्या फाइलींत असले की मुकाट्याने पुढे जाते.

म्हणून प्रत्येक मर्जनंतर टेस्ट हवीच. माणूस कंटाळा करतो, तेव्हा हे काम स्क्रिप्टवर सोपवा आणि क्रॉनने रोज रात्री चालवा:

१. व्हर्जन २ वरून एक तात्पुरती ब्रँच काढा.
२. तीत व्हर्जन १ मर्ज करा. अडले तर मर्ज रद्द करून लॉगमध्ये नोंद करा आणि तिथेच थांबा.
३. प्रोग्राम बिल्ड करून सगळ्या टेस्ट चालवा. एक्झिट कोड शून्य आला तर पास, दुसरा काहीही आला तर नापास.
४. निकाल लिहून तात्पुरती ब्रँच पुसून टाका. खऱ्या ब्रँचला स्क्रिप्टने हात लावायचा नाही. सकाळी निकाल पाहून तो निर्णय माणसानेच घ्यावा.

टेस्टमध्ये 'भाडे ५००, जादा १००, बिल ६००' हे गणित असेल तर वरची चूक त्याच रात्री सापडते. शिवाय व्हर्जन १ ने सेव्ह केलेली एक जुनी फाइल कायम जपून ठेवा. ती नव्या व्हर्जनमध्ये उघडते का, हेही रोज तपासा. जुना गिऱ्हाईक उद्या नवे व्हर्जन घेईल तेव्हा त्याच्या गेल्या वर्षीच्या नोंदी दिसल्याच पाहिजेत.

मोठ्या प्रमाणावर हेच चालते. स्टीफन रॉथवेल यांनी २००८ मध्ये 'लिनक्स-नेक्स्ट' सुरू केले. त्यात कर्नलच्या शेकडो ब्रँच एकत्र मर्ज करून बिल्ड करून बघतात. मुख्य कर्नलमध्ये जाण्याआधीच भांडणे उघडी पडतात.

फायनल इयरच्या प्रोजेक्टमध्ये चौघांच्या चार ब्रँच असतातच. मग व्हायव्हाच्या आदल्या रात्री सगळे एकदम मर्ज करण्यापेक्षा ही स्क्रिप्ट पहिल्याच आठवड्यात लिहा. नांदेडहून माहूर शंभर किलोमीटरच्या वर आहे. ऐन नवरात्रात बिल चुकलं, तर एसटीत उभं राहून जावं लागेल!