धातुशोधक घेण्याआधी

प्रिय भाच्यास,



तुझा प्रश्न एका ओळीचा आहे: जमिनीत खोलवर गाडलेल्या जुन्या वस्तू शोधायच्या तर सगळ्यात खोल जाणारा मेटल डिटेक्टर कोणता? सोबत तीन यंत्रांच्या किमती लिहिल्या आहेस, आणि त्यातलं सर्वांत महाग यंत्र घ्यायचं तुझ्या मनाने जवळजवळ पक्कं केलेलं दिसतं. पैसे भरण्याआधी हे पत्र सावकाश वाच.

तुझ्या ओढीला आधार आहे. तू राहतोस त्या बेंगळुरूतल्या मारतहळ्ळीला लागूनच एचएएल या विमान कारखान्याचा विमानतळ. त्या परिसरात रोमन नाणी सापडली आहेत. त्याआधी 1891 साली बेंगळुरूच्याच यशवंतपूरजवळ चांदीच्या रोमन नाण्यांचा साठा मिळाला होता. ऑगस्टस, टायबेरियस, क्लॉडियस या सम्राटांच्या मुद्रा दोन हजार वर्षांपूर्वी दख्खनच्या पठारावर पोचल्या होत्या, याचा हा पुरावा. शहाजीराजांचं तर बोलायलाच नको. 1638 मध्ये रणदुल्लाखानाच्या मोहिमेत बेंगळुरू आदिलशाहीकडे आलं आणि पुढे शहाजीराजांच्या जहागिरीचं मुख्य ठाणं झालं. त्या काळाचं काहीतरी आपल्या हाती लागावं, असं तिथे राहणाऱ्या मराठी मुलाला वाटणं साहजिक आहे. पण मारतहळ्ळी या नावात ‘मराठा’ ऐकू येतो म्हणून तिथली जमीन मराठ्यांची ठरत नाही. त्या नावाची एक लोकप्रिय कथा तर एचएएलच्या ‘मारुत’ या लढाऊ विमानाशी जोडलेली आहे, आणि ते विमान पहिल्यांदा उडालं 1961 मध्ये.

आता यंत्राकडे वळू. तू इंजिनिअर आहेस, म्हणून आधी भौतिकशास्त्र. डिटेक्टरची कॉइल चुंबकीय क्षेत्र सोडते, जमिनीतल्या धातूत त्यामुळे भोवरी प्रवाह उठतात आणि त्या प्रवाहांचं क्षेत्र कॉइलकडे परत येतं. जाणारं क्षेत्र अंतराच्या घनाने ओसरतं आणि येणारंही तसंच. दोन्ही मिळून हिशेब असा होतो, की लहान वस्तू दुप्पट खोल गेली की तिचा संकेत चौसष्टपट क्षीण होतो. त्यामुळे दुप्पट पैसे मोजले तरी खोलीत चार बोटांचीच भर पडते.

शिवकालीन सोन्याचा होन जेमतेम सव्वा सेंटीमीटर रुंद, वजन पावणेतीन ग्रॅमच्या आसपास. असा एकटा होन चांगल्या यंत्राला वीतभर खोलीवर सापडला तरी नशीब म्हणायचं. तांब्याची शिवराई थोडी मोठी, म्हणून थोडी अधिक खोल ऐकू येईल. नाण्यांनी भरलेला तांब्याचा हंडा हातभर किंवा त्याहून खाली असला तरी खूण देतो. म्हणजे ‘यंत्र किती खोल जातं’ या प्रश्नाला सुटं उत्तरच नाही. कोणती वस्तू, केवढी आणि कोणत्या मातीत, हे तिन्ही सांगितल्याशिवाय विक्रेत्याने दिलेला खोलीचा आकडा निरर्थक असतो.

आणि माती हा या धंद्यातला खरा अडसर आहे. महाराष्ट्राच्या पठाराचा काळा दगड बेसॉल्ट. त्यात मॅग्नेटाइट असतं आणि त्याच्यापासून झालेली माती यंत्राशी स्वतःच बोलू लागते. कोकणातला जांभा आणि बेंगळुरूची तांबडी माती लोहाच्या ऑक्साइडमुळे लाल. सर्वसाधारण डिटेक्टर व्हीएलएफ पद्धतीचे, म्हणजे काही किलोहर्ट्झच्या एकाच वारंवारितेवर चालणारे असतात. अशा जमिनीत त्यांची खोली झपाट्याने घटते. मिनलॅबचं इक्विनॉक्स किंवा एक्सपीचं ड्यूस टू अशी एकाच वेळी अनेक वारंवारिता वापरणारी यंत्रं जमिनीचा हा गोंगाट बऱ्यापैकी वेगळा काढतात. तुझ्या यादीतलं महागडं यंत्र पल्स इंडक्शन पद्धतीचं आहे. ते विजेचे झटके सोडतं आणि झटका थांबल्यावरचा प्रतिसाद ऐकतं, त्यामुळे लोहयुक्त जमिनीला ते फारसं घाबरत नाही. ऑस्ट्रेलियातल्या लाल मातीत सोन्याचे गोळे शोधणाऱ्यांनी ते उगाच उचलून धरलेलं नाही. पण धातू-धातूतला फरक ते नीट सांगत नाही. मारतहळ्ळीभोवतीच्या पडीक जागा बांधकामाच्या राडारोड्याने भरलेल्या. खिळे, बाइंडिंग वायर, गजांचे तुकडे, बाटल्यांची झाकणं. तिथे ते यंत्र दर पावलाला ओरडेल. त्यात डोक्यावर विजेच्या तारा आणि कडेला मोबाइलचे मनोरे. लाखांच्या घरातलं यंत्र तिथे निरुपयोगी ठरेल.

नवशिक्यांची एक चूक मात्र यंत्राची नसते. लोखंडाचा आवाज नको म्हणून ते ‘डिस्क्रिमिनेशन’ चढवून ठेवतात. पण मराठ्यांच्या, म्हैसूरच्या, इंग्रजांच्या लढायांत मागे राहिलं ते बहुतेक लोखंडच: तोफगोळे, भाल्यांची टोकं, नाल, खिळे. शिवाय खोल असलेली तांब्याची वस्तूही खनिजांनी भरलेल्या जमिनीत पुष्कळदा लोखंडासारखीच ऐकू येते. लोखंड गाळलंस तर खोलीही गाळलीस. पडद्यावरच्या आकड्यापेक्षा कान तयार करणं महत्त्वाचं, म्हणून चांगले हेडफोन यंत्राइतकेच गरजेचे.

खरोखर खोल गेलेल्या मोठ्या वस्तूंसाठी साधनंच वेगळी. शिवमोगा जिल्ह्यातल्या नगरचं उदाहरण घे. 2018 मध्ये तिथल्या एका कोरड्या विहिरीच्या गाळात हजारावर लोखंडी अग्निबाण सापडले, हैदर-टिपूच्या काळातले. राज्याच्या पुरातत्त्व विभागाच्या लोकांनी विहिरीतला खोल गाळ उपसला आणि त्या गाळाला बंदुकीच्या दारूचा वास येत होता. इतक्या खोलीवरचा एखादा बाण हातातल्या डिटेक्टरला कळला नसता. हजार बाणांचा ढीग मात्र मॅग्नेटोमीटरला दिसू शकतो, कारण ते यंत्र लोखंडामुळे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात पडलेली वळी मोजतं. सोनं, चांदी, तांबं त्याच्या दृष्टीने अस्तित्वातच नसतं. दुसरं साधन म्हणजे दांड्याच्या दोन टोकांना दोन पेट्या असलेला डिटेक्टर, फिशरच्या जेमिनीसारखा. तो मोठी वस्तू मीटर-दोन मीटरपर्यंत पकडतो आणि सुटं नाणं मुद्दामच सोडून देतो. तिसरं, जमिनीत रेडिओलहरी सोडणारा रडार. कोरड्या वाळूत तो छान चालतो, ओल्या चिकणमातीत आंधळा होतो.

आणि ही साधनंही जे दाखवतात ती ‘वस्तू’ नसते, ‘वेगळेपण’ असतं. ऑक्टोबर 2013 मध्ये उत्तर प्रदेशात उन्नाव जिल्ह्यातल्या दौंडिया खेड्यात हजार टन सोन्याच्या स्वप्नामागे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने उत्खनन केलं, ते आठव. स्वप्न एका साधूचं होतं, पण खोदण्याआधी भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या उपकरणांनीही तिथे काही वेगळं असल्याची नोंद केली होती. सोनं निघालं नाही. सरकारी शास्त्रज्ञांच्या उपकरणांचीही ही मर्यादा असेल, तर दुकानदाराने मोबाइलवर दाखवलेल्या रंगीत चित्राचं मोल तूच ठरव.

एका वस्तूला तर हातही लावू नकोस. दोन अँटेना, एक मूठ, आणि ‘दोन किलोमीटरवरचं सोनं दाखवतो’ असा दावा. असल्या पोकळ दांड्यांचा सर्वांत भयंकर अवतार एडीई 651 नावाचा बॉम्बशोधक होता. इराकच्या तपासनाक्यांवर तो वापरला गेला, आत काहीही नव्हतं, आणि विकणाऱ्या इंग्रजाला 2013 मध्ये 10 वर्षांची शिक्षा झाली. आपल्याकडे हीच दांडी गुप्तधनाच्या नावाने फिरते, आणि तिच्यामागून पायाळू माणूस, अमावास्या, बळी अशी सगळी वरात येते. महाराष्ट्राच्या 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यात गुप्तधनासाठी केलेल्या अमानुष कृत्यांना गुन्हा ठरवलं, ते या अनुभवातूनच. कर्नाटकात ‘निधी’ शोधणाऱ्यांनी देवळांचे पाये उकरले, वीरगळ फोडले. अशा माणसांच्या पंगतीत तू चुकूनही बसता कामा नये.

कायदा यंत्राच्या माहितीपुस्तिकेइतकाच पाठ हवा. 1878 च्या कायद्याने जमिनीत सापडलेली दहा रुपयांहून अधिक मोलाची ठेव जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावी लागते. लपवली तर वाटा जातो आणि वर्षभरापर्यंत कैद होऊ शकते. कर्नाटकाने 1962 मध्ये स्वतःचा स्वतंत्र कायदा केला आहे. शंभर वर्षांहून जुनी वस्तू 1972 च्या कायद्याने ‘पुरावशेष’ ठरते आणि ती देशाबाहेर नेता येत नाही. संरक्षित स्मारकात खोदणं परवान्याशिवाय गुन्हाच, आणि खाजगी शेतातही मालकाच्या परवानगीने पुरातत्त्वीय उत्खननाचा हक्क मिळत नाही. 2021 मध्ये पिंपरी-चिंचवडच्या चिखलीत बांधकामाच्या मातीतून निघालेली मोगलकाळातली 216 सोन्याची नाणी पोलिसांनी ताब्यात घेतली, कारण ती सापडलेल्यांनी कोणाला कळवलीच नव्हती. एचएएलच्या भिंतीजवळ तर यंत्र घेऊन फिरकूही नकोस. ते संरक्षण खात्याचं क्षेत्र आहे.

कायद्याचा धाक एका बाजूला ठेवला तरी न खोदण्याचं याहून मोठं कारण उरतं, आणि ते तुला दायमाबाद सांगेल. प्रवरेकाठच्या या गावात 1974 मध्ये एका भिल्ल शेतकऱ्याला झाडाचा बुंधा उकरताना कांशाच्या चार मूर्ती मिळाल्या: बैलांचा रथ हाकणारा माणूस, हत्ती, गेंडा, रेडा. एकूण वजन 60 किलोहून अधिक, घडण अशी की पाहणारा थक्क व्हावा. त्या गरीब माणसाचा यात काहीच दोष नव्हता. पण मूर्ती कोणत्या थरात होत्या, शेजारी कोणती खापरं होती, राखेचा पट्टा होता का, हे कोणी टिपू शकलं नाही. पुढे तिथे रीतसर उत्खनन झालं, चार-साडेचार हजार वर्षांमागच्या वस्तीचे थर उलगडले, तरी त्या मूर्ती नेमक्या कोणत्या काळाच्या यावर विद्वानांचं एकमत झालेलं नाही. धातू हाती आला, त्याची वेळ हरवली. जाणत्या तज्ज्ञाविना खणलेला प्रत्येक खड्डा हेच करतो, आणि तो परत भरून येत नाही.

मग डिटेक्टर इतिहासाच्या कामी येतच नाही का? येतो, आणि फार सुंदर रीतीने येतो. अमेरिकेत मोंटानातल्या लिटल बिगहॉर्नच्या रणभूमीवर 1983 मध्ये वणव्याने गवत जळालं. पुढच्या दोन वर्षांत डग्लस स्कॉट आणि रिचर्ड फॉक्स यांनी तिथे स्वयंसेवक ओळीत उभे केले. यंत्र वाजलं की तिथे निशाण रोवायचं, मग मोजमाप, मग नोंद, आणि शेवटी उकरणं. काडतुसांवरच्या ओरखड्यांवरून एकच बंदूक मैदानात कुठून कुठे हलली हेही त्यांनी जुळवलं. 1876 च्या त्या लढाईचा प्रचलित वृत्तान्त या नकाशाने बदलला. त्या वस्तू फार खोल नव्हत्या आणि यंत्रंही सामान्य होती. यश नोंदींचं होतं.

म्हणून माझा सल्ला असा. तीन यंत्रांपैकी मधलं, अनेक वारंवारितांचं घे. कॉइल डबल-डी आकाराची, अकरा इंचांची पुरे. पंधरा इंची नंतर बघ, ती हाताला जड होते आणि लहान वस्तूंना मुकते. सोबत नेमकी जागा दाखवणारा हातातला पिनपॉइंटर आणि पाणी लागलं तरी न फाटणारी वही. मग ओळखीच्या कोणाच्या शेतात परवानगीने स्वतःची चाचणी-बाग कर: नाण्याएवढा तांब्याचा तुकडा, लोखंडी खिळा, पितळी तांब्या, हे 10, 20, 30, 60 सेंटीमीटरवर पूर आणि उन्हाळ्यात, पावसाळ्यात, दोन्ही वेळा आवाज टिपून ठेव. तुझं यंत्र तुझ्या मातीत किती खोल जातं हे तेव्हाच कळेल. मॅग्नेटोमीटर, रडार वगैरे विकत घेऊ नकोस. ती विद्यापीठांकडे आणि पुरातत्त्व खात्याकडे असतात, आणि ती चालवायला मिळतील अशा कामांत तू स्वयंसेवक म्हणून शिरलास तर चार पैसे वाचतील आणि विद्या मिळेल. पुण्याला आलास की डेक्कन कॉलेजमध्ये तुला घेऊन जाईन.

वाचलेल्या पैशांत आणि रविवारांत आणखी एक कर. नृपतुंग रोडवर 1909 पासूनची मिथिक सोसायटी आहे. बेंगळुरूभोवतीच्या शिलालेखांचं त्रिमितीय स्कॅनिंग तिथले लोक करत आहेत. बेगूरच्या नागेश्वराच्या देवळात नवव्या शतकातला वीरगळ आहे. ‘बेंगळुरू’ हे नाव त्यावर कोरलेलं आहे, एका लढाईच्या संदर्भात. असे कित्येक दगड रस्तारुंदीत आणि प्लॉटच्या कुंपणाखाली जात आहेत. ते शोधायला यंत्र लागत नाही, खणावंही लागत नाही, आणि मोजायला, टिपायला माणसं हवी आहेत. येत्या रविवारी बेगूरला जा, आणि काय पाहिलंस ते मला सविस्तर कळव. यंत्राची ऑर्डर त्यानंतर दे.

तुझा,
मामा