हृदयाच्या स्नायूची हानी आणि रक्तातील ट्रोपोनिन

छातीत कळ आलेला रोगी रुग्णालयात आला म्हणजे डॉक्टरांपुढे पहिला प्रश्न उभा राहतो तो असा, की हृदयाचा स्नायू मरू लागला आहे काय? विद्युत् हृदयालेखात त्याचे उत्तर दर वेळी मिळतेच असे नाही. अशा वेळी रक्त तपासावे लागते. पेशींना इजा झाली की त्यांतील द्रव्ये रक्तात उतरतात, हे त्यामागील तत्त्व होय.

१९५४ साली कार्मेन, व्रोब्लेव्हस्की व लाड्यू या अमेरिकी संशोधकांनी अशा रोग्यांच्या रक्तरसात ट्रान्सअमिनेज जातीचे एक विकर वाढते असे दाखविले. परंतु तेच विकर यकृतातही विपुल असते. साक्षीदार मिळाला खरा, पण तो भरवशाचा नव्हता. ट्रोपोनिन टी या प्रथिनाची गोष्ट निराळी. स्नायूच्या आकुंचनाशी निगडित असलेल्या या प्रथिनाचा हृदयातील प्रकार हातापायांच्या स्नायूंतील प्रकाराहून भिन्न असतो. जर्मनीतील हायडेलबर्ग येथील ह्यूगो काटुस व त्यांचे सहकारी यांनी त्याची चाचणी १९८९ साली प्रसिद्ध केली.

या चाचणीच्या पुढील आवृत्त्यांत दोन प्रतिपिंडे वापरतात. एक ट्रोपोनिनला चुंबकीय कणाशी जखडून ठेवते, दुसऱ्यावर रुथेनियमची खूण असते. विद्युत्‌दाब दिला की ही खूण प्रकाशते व त्या प्रकाशावरून प्रथिन मोजतात. अडचण अशी, की प्रथिन मुळीच नसतानाही थोडा प्रकाश येतोच. गलबल्यात कुजबूज ऐकावयाची तर कान तीक्ष्ण करून भागत नाही, गलबलाही शमवावा लागतो.

निरोगी माणसांपैकी ९९ टक्क्यांत हे प्रथिन लिटरमागे १४ नॅनोग्रॅमच्या आत असते. नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग. जुन्या चाचणीचे आकडे मात्र सुमारे ३० नॅनोग्रॅमखाली डळमळू लागत. म्हणजे निरोगी व रोगी यांमधली सीमाच अंधारात होती. तेव्हा रक्ताचा नमुना १५ मायक्रोलिटरवरून ५० वर नेला, रुथेनियमची मात्रा वाढविली, आणि खूण वाहणाऱ्या उंदराच्या प्रतिपिंडाचा स्थिर भाग बदलून तेथे मानवी भाग बसविला. काही माणसांच्या रक्तातील प्रतिपिंडे उंदराच्या प्रथिनाला चिकटून खोटा प्रकाश निर्माण करीत, ती वाट यामुळे बरीचशी बंद झाली.

पूर्वी दुसऱ्या रक्तासाठी सहा तास वा अधिक थांबावे लागे. युरोपीय हृद्‌रोग संस्थेने २०१५ साली एका तासानंतरचा नमुना ग्राह्य मानला. मात्र मूत्रपिंडाच्या जुनाट विकारातही हे प्रथिन वाढलेले आढळते, म्हणून एकाच आकड्यावर निदान करीत नाहीत. पहिला आकडा १८ व तासाने १९ आला, तर रोग्यास निरीक्षणाखाली ठेवून पुन्हा रक्त घेतात. तोच ४० वर गेला, तर हृदयाच्या स्नायूला ताजी इजा होत आहे असे समजून पुढील तपासणी व उपचार यांची त्वरा करतात.