दोन बिंदूंवरून रेषेचा चढ



दहावीच्या भूमितीत ‘निर्देशक भूमिती’ हे प्रकरण आले की बरीच मुले ते ऑप्शनला टाकतात. वास्तविक त्यातील चढ काढण्यासाठी वजाबाकी आणि भागाकार एवढेच लागते. प्रस्तुत लेखक कला शाखेचा पदवीधर, बँकेतला कारकून. परंतु दोन आकड्यांतील फरक काढणे हे रोजचेच काम असल्याने हा विषय सोपा करून मांडण्याचे धाडस करीत आहे.

चढ म्हणजे काय? रेषेवरून डावीकडून उजवीकडे जाताना आडवे एक पाऊल टाकले असता आपण किती वर गेलो किंवा खाली आलो, हे सांगणारी संख्या म्हणजे त्या रेषेचा चढ. बिंदूच्या निर्देशकांत पहिली संख्या आडवी (क्ष) आणि दुसरी उभी (य) असते. म्हणून,

चढ = (दुसरा य − पहिला य) ÷ (दुसरा क्ष − पहिला क्ष)

उदाहरण : बिंदू (२, ३) आणि (६, ११).
उभा फरक ११ − ३ = ८. आडवा फरक ६ − २ = ४. चढ = ८ ÷ ४ = २.

आता बिंदूंचा क्रम उलटा करून पाहा. (३ − ११) ÷ (२ − ६) = (−८) ÷ (−४) = २. उत्तर तेच! कोणता बिंदू आधी घ्यावा याचे बंधन नाही. मात्र वर ज्या बिंदूपासून सुरुवात केली, खालीही त्याच बिंदूपासून करावी. वर ११ − ३ आणि खाली २ − ६ असे केल्यास −२ येते आणि गुण जातात.

चिन्हांकडेही लक्ष असू द्या. चढ धन असेल तर रेषा वर चढते, ऋण असेल तर खाली उतरते. दोन्ही य सारखे असतील तर चढ शून्य, म्हणजे रेषा आडवी. दोन्ही क्ष सारखे असतील तर छेदात शून्य येते. शून्याने भागता येत नाही, म्हणून उभ्या रेषेचा चढ ठरवता येत नाही.

आपल्या घनसावंगी तालुक्याच्या दक्षिणेला गोदामाई आहे. ती नाशिक जिल्ह्यात सुमारे १०६७ मीटर उंचीवर उगम पावते आणि १४६५ किलोमीटर वाहून बंगालच्या उपसागरास मिळते. बिंदू झाले (०, १०६७) आणि (१४६५, ०). चढ = −१०६७ ÷ १४६५ = सुमारे −०.७३. म्हणजे दर किलोमीटरला सरासरी ७३ सेंटिमीटर उतार. हा सरासरी उतार आहे. डोंगरात नदी वेगाने उतरते, सपाटीवर संथ होते. दोन बिंदूंच्या मधले सगळे हा आकडा सांगत नाही.

आता समाजाच्या दृष्टीने महत्त्वाचे उदाहरण. जनगणनेनुसार महाराष्ट्रातील साक्षरतेची टक्केवारी अशी :

स्त्रिया : १९९१ – ५२.३२, २००१ – ६७.०३, २०११ – ७५.८७
पुरुष : १९९१ – ७६.५६; २००१ – ८५.९७, २०११ – ८८.३८

१९९१ ते २००१ या काळात स्त्रियांचा चढ = (६७.०३ − ५२.३२) ÷ १० = सुमारे १.४७. पुरुषांचा चढ = सुमारे ०.९४. पुरुष वरच्या पायरीवर होते, पण स्त्रियांची रेषा अधिक वेगाने चढत होती. म्हणूनच १९९१ मध्ये २४.२४ असलेले अंतर २०११ मध्ये १२.५१ वर आले. कोण किती उंचीवर आहे हे एक बिंदू सांगतो. कोण कोणत्या वेगाने पुढे येत आहे हे कळायला दोन बिंदू लागतात. हे ध्यानात घेतले तर मागे असलेल्याला कोणी हिणवणार नाही.

परंतु सावध राहा. तोच चढ पुढे टिकला असता तर २०११ मध्ये स्त्रियांची साक्षरता ६७.०३ + १४.७१ = ८१.७४ झाली असती. प्रत्यक्षात ती ७५.८७ झाली; चढ ०.८८ वर उतरला. चढ आपोआप टिकत नाही. मुलगी दहावीनंतर घरी बसली, तर तिच्या घरची शिक्षणाची रेषा तेथेच आडवी होते. तो चढ टिकवणे पालकांच्या आणि आपल्या सर्वांच्या हाती आहे.

सरावासाठी चढ काढा :
(१) (−४, ७) व (२, −५)
(२) (३, ६) व (९, ६)
(३) (५, १) व (५, ८)
(४) (१, ४) व (३, क) या बिंदूंतून जाणाऱ्या रेषेचा चढ ५ आहे, तर क = किती?

उत्तरे : (१) −२ (२) ० (३) ठरवता येत नाही (४) १४

उत्तरे झाकून आधी वहीत सोडवा. जमले तर शेजारच्या एका मुलाला किंवा मुलीला समजावून सांगा. दुसऱ्याला शिकवले की आपले पक्के होते.