मामा तलावांचा नकाशा, साध्या लॅपटॉपवर

प्रश्न : आमच्या गटाला अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या मामा (माजी मालगुजारी) तलावांचे नकाशे करायचे आहेत. लाखभराचा संगणक आणि महागडं सॉफ्टवेअर लागेलच ना?
– एक वाचक, जि. गोंदिया

उत्तर : मुळीच नाही. क्यूजीआयएस हे नकाशांचं सॉफ्टवेअर मोफत आहे. 16 जीबी रॅम आणि एसएसडी असलेल्या साध्या लॅपटॉपवर ते व्यवस्थित चालतं. ग्राफिक्स कार्डाचे पैसे बॅकअपच्या हार्ड डिस्कवर घाला.

सेंटिनेल-2 ची उपग्रहचित्रंही फुकट मिळतात. त्यांतला एक ठिपका म्हणजे जमिनीवरचा 10 मीटर बाय 10 मीटरचा तुकडा. नवेगावबांधचा काठ त्यात नीट उमटतो, शेतातली बोडी, म्हणजे छोटं तळं, मात्र धूसर. तिथे मोबाइलवर क्यूफील्ड ॲप उघडून पाळीवरून चालत नोंद घ्या. पावसाळ्यात ढग आडवे आले, तर सेंटिनेल-1 चं रडार कामी येतं. क्षेत्रफळ मोजताना यूटीएम 44 उत्तर हे प्रक्षेपण निवडा.

नोंदी घेताना सारस पक्ष्याची घरटी दिसली, तर त्यांची नेमकी जागा मात्र जाहीर नकाशावर टाकू नका.