उपग्रह जागा सांगतो, नकाशा काय सांगतो?

समुद्रात आपली होडी नेमकी कोठे आहे हे सांगणारे यंत्र आज मासेमाराच्या खिशात मावते. पडद्यावर नकाशा असतो, त्यावर होडीची खूण सरकत असते आणि अक्षांश-रेखांश मिनिटाच्या हजाराव्या भागापर्यंत दिलेले असतात. अक्षांशाचे एक मिनिट म्हणजे एक सागरी मैल, सुमारे १८५२ मीटर. तेव्हा त्याचा हजारावा भाग दोन मीटरांहूनही कमी. इतके अंक पाहिले की माणसाचा विश्वास बसतो. परंतु अंक अधिक असणे आणि उत्तर अचूक असणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे विज्ञानाच्या विद्यार्थ्यास पहिल्याच प्रयोगात शिकविले जाते. या चुका कोठून येतात याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

मी नोकरीनिमित्त वडोदरा जिल्ह्यातील पादरा येथे राहतो. पादऱ्यास बंदर नाही. मात्र तालुक्याच्या कडेने मही नदी वाहते व पुढे खंबातच्या आखातास मिळते. हे आखात म्हणजे आपल्या विषयाची उत्तम प्रयोगशाळाच आहे. त्याकडे शेवटी वळू.

प्रथम उपग्रहांची बाजू पाहू. जीपीएसचे उपग्रह पृथ्वीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून वेळेचे संदेश पाठवितात. संदेश येण्यास किती वेळ लागला यावरून अंतर काढायचे, अशी ही पद्धत. अक्षांश, रेखांश, उंची आणि यंत्राच्या घड्याळातील चूक अशी चार अज्ञाते असल्याने निदान चार उपग्रह दिसावे लागतात. प्रकाश एका मायक्रोसेकंदात सुमारे ३०० मीटर जातो, म्हणून घड्याळातील अल्पशी चूकही महाग पडते. सापेक्षतेच्या सिद्धान्तानुसार उपग्रहावरील घड्याळ जमिनीवरील घड्याळापेक्षा दिवसाला सुमारे ३८ मायक्रोसेकंद पुढे जाते. ही दुरुस्ती केली नाही, तर अंतरात दिवसाला ११ किलोमीटरांहून अधिक फरक पडेल!

दुसरी अडचण आयनांबराची. या थरातील इलेक्ट्रॉनांमुळे संदेशास उशीर होतो. चुंबकीय विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंना सुमारे १५ अंशांवर इलेक्ट्रॉनांची विशेष दाटी होते, आणि गुजरात नेमका या पट्ट्यात येतो. अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेत (स्थापना १९४७) या थराचा अभ्यास दीर्घकाळ झालेला आहे. विमानांना या व अशा इतर चुकांची दुरुस्ती पुरविण्यासाठी इस्रो व भारतीय विमानपत्तन प्राधिकरण यांनी ‘गगन’ ही योजना उभारली. मी गच्चीवर मोबाइल अर्धा तास एकाच जागी ठेवून दर मिनिटास वाचन टिपले. आलेखावर ठिपक्यांचा पुंजका झाला. ठिपके काही मीटरांत विखुरले होते. मोकळ्या आकाशाखाली यंत्राची चूक आज एवढीच असते.

पण पूर्वी असे नव्हते. नागरी वापराच्या संदेशात अमेरिका मुद्दाम चूक मिसळीत असे व त्यामुळे जागा शंभर मीटरपर्यंत चुके. मे २००० च्या आरंभी ही प्रथा बंद झाली. यंत्र सुधारले आणि नकाशा उघडा पडला. लेखाचा मुख्य मुद्दा हाच आहे.

नकाशा हा कोणत्या तरी मानलेल्या पृथ्वीवर काढलेला असतो. आपल्या देशाच्या महात्रिकोणमितीय सर्वेक्षणाची पहिली आधाररेषा विल्यम लॅम्बटनने १८०२ साली मद्रासजवळ मोजली. हेच काम करीत असता १८२३ साली त्याला हिंगणघाट येथे मृत्यू आला. पुढे जॉर्ज एव्हरेस्टने पृथ्वीचा जो आकार १८३० मध्ये ठरविला, तो मध्य भारतातील कल्याणपूर हे मूळस्थान धरून आपल्या नकाशांना लावला गेला. हा आकार भारताला चांगला जुळतो, पण त्याचे केंद्र पृथ्वीच्या केंद्रापासून शेकडो मीटर दूर पडते. उपग्रहांचे गणित ‘डब्ल्यूजीएस ८४’ या पृथ्वीकेंद्री आकारावर चालते. परिणामी एकाच जागेचे दोन पद्धतींतील अक्षांश-रेखांश जुळत नाहीत. गुजरातेत हा फरक शंभर मीटरांच्या आसपास येतो. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणानंतर सर्वसामान्यांसाठीचे नवे नकाशे डब्ल्यूजीएस ८४ वर आले.

याहून जुनी एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. भारतातील रेखांश मद्रास वेधशाळेच्या रेखांशावरून काढीत, आणि तो मूळ रेखांशच सुमारे २ मिनिटे २७ सेकंदांनी चुकलेला होता. पादऱ्याच्या अक्षांशावर रेखांशाचे एक मिनिट सुमारे १७१७ मीटरांचे भरते. म्हणजे चूक झाली ४.२ किलोमीटर. तरीही त्या नकाशांवर देशाचा कारभार चालला, कारण सर्वच गावे एकाच बाजूस सारखी सरकली होती. परस्परांतील अंतरे बरोबर होती. बाहेरचे माप आले तेव्हाच ही चूक बाधू लागली.

समुद्रावर अशी चूक जीवघेणी ठरते. १७ जानेवारी २०१३ रोजी अमेरिकेच्या नौदलाचे ‘गार्डियन’ हे जहाज फिलिपीन्समधील तुब्बताहा प्रवाळखडकावर चढले. इलेक्ट्रॉनिक नकाशात तो खडक सुमारे आठ सागरी मैल चुकीच्या जागी दाखविला होता. दुसऱ्या नकाशाशी न जुळणारा फरक व प्रत्यक्ष दिसणाऱ्या खुणा यांकडे दुर्लक्ष झाल्याचेही चौकशीत आढळले. जहाज अखेर कापून काढावे लागले.

तिसरी चूक वाचणाऱ्याची. २९ नोव्हेंबर २०१४ रोजी ‘वेस्टास विंड’ ही शर्यतीची नौका मॉरिशसच्या ईशान्येस प्रवाळखडकावर आदळली. तेथे खडक आहे हे नकाशात होते. परंतु पडद्यावर मोठा प्रदेश पाहत असता बारीक तपशील गाळला जातो. सुदैवाने नऊही जण वाचले. १९९५ च्या जूनमध्ये ‘रॉयल मॅजेस्टी’ हे प्रवासी जहाज नॅनटकेट बेटाजवळ रुतले, तेव्हा उपग्रहयंत्राच्या अँटेनाची तार कधीच सुटलेली होती. यंत्र केवळ वेग व दिशा यांवरून अंदाज करीत राहिले आणि जहाज सुमारे १७ मैल बाजूस गेले. अंकांच्या लेखनातही धोका आहे. २२ अंश १४ मिनिटे हा अक्षांश कोणी २२.१४ अंश म्हणून यंत्रात भरला, तर जागा दहा किलोमीटरांहून अधिक दक्षिणेस जाते. विद्यार्थ्यांनी हे गणित स्वतः करून पाहावे.

आता खंबातचे आखात. येथे मही, साबरमती, नर्मदा व तापी या नद्या गाळ आणतात आणि भावनगरकडे मोठ्या भरती-ओहोटीतील फरक दहा मीटरांच्या आसपास जातो. अशा पाण्यात वाळूचे दांडे एका जागी राहात नाहीत. घोघा-दहेज ही फेरीबोट २०१७ साली सुरू झाली. दहेजकडे गाळ साचून खोली कमी पडल्याने ती थांबली, आणि नोव्हेंबर २०२० मध्ये घोघा-हजिरा हा मार्ग सुरू करण्यात आला. येथे उपग्रह चुकला नाही, पृथ्वीचा आकारही चुकला नाही. सर्वेक्षण झाले त्या दिवशी नकाशा खरा होता; मागाहून समुद्राचा तळ बदलला. नकाशाला तारीख असते, ही गोष्ट पडद्याच्या झगमगाटात विसरली जाते.

म्हणून जुन्या तांडेलांची शिस्त आजही सोडता येत नाही. शिशाचा ओळंबा सोडून पाणी किती वाव आहे ते पाहायचे, किनाऱ्यावरील देऊळ वा दीपगृह यांची दिशा धरायची आणि भरतीची वेळ ध्यानात ठेवायची. ही शिस्त केवळ हौसेची नव्हे. ओळंबा आणि दीपगृह ही साधने उपग्रहाहून स्थूल खरी, पण त्यांची चूक उपग्रहाच्या चुकीपेक्षा निराळ्या कारणाने होते. म्हणूनच ती साक्ष मोलाची. एकाच यंत्रावर तेच वाचन दहादा घेतल्याने आकस्मिक चूक कमी होते, पद्धतशीर चूक तशीच राहते. प्रयोगवहीतील हा नियम आखातात होडी घेऊन जाणाऱ्याच्या जिवाशी निगडित आहे. होडीची जागा उपग्रहास विचारावी. पाण्याखाली काय आहे हे मात्र नकाशाची तारीख पाहून आणि ओळंबा टाकूनच ठरवावे.