बुलेट आणि तिचे ऑइल

बाबांची बुलेट जुन्या, बिडाच्या इंजिनाची आहे. तिला रेडिएटर नाही. सिलिंडरच्या पात्यांवरून जाणारा वारा आणि आत फिरणारे ऑइल, दोघे मिळून इंजिन थंड ठेवतात. गाडी सिग्नलला थांबली की वाराही थांबतो.

तिला आम्ही २०डब्ल्यू-५० ऑइल घालतो. ‘डब्ल्यू’ म्हणजे विंटर. २० हा आकडा ऑइल थंडीत किती पातळ राहते ते सांगतो आणि ५० हा १०० अंश सेल्सिअसला ते किती दाट राहते ते. (हे आकडे म्हणजे अंश नव्हेत. आमच्या वर्गात बऱ्याच जणांना तसे वाटते.) ऑइल फार पातळ असेल तर तापल्यावर बेअरिंगवरचा थर तुटतो. फार दाट असेल तर थंड सकाळी ते वर रॉकरपर्यंत उशिरा पोहोचते आणि तेवढ्यात झीज होते.

इंजिन तापू नये म्हणून सगळे जपतात, पण ऑइल पुरेसे तापले नाही तरी नुकसानच होते. पेट्रोल जळताना पाण्याची वाफ तयार होते. त्यातली थोडी पिस्टनच्या रिंगांमधून खाली उतरते आणि थंड इंजिनात तिचे पाणी होते. ऑइल चांगले तापले तरच ते उडून जाते. नाहीतर ऑइलच्या झाकणाखाली दुधाच्या सायीसारखा थर दिसतो आणि आतले लोखंड गंजते.

बाबा पोस्टिंगवर, मी होस्टेलवर. आई दर रविवारी बुलेट पाच मिनिटे जागेवरच चालू ठेवते. मी पत्रात लिहिले आहे, त्यापेक्षा मामाला पंधरा दिवसांनी अर्धा तास हायवेवर फिरवून आणू दे.