कितोतील उंचीचा हिशेब

इक्वेडोरची राजधानी कितो ही समुद्रसपाटीपासून 2850 मीटर उंचीवर वसलेली आहे, म्हणजे कळसूबाईच्या माथ्याच्याही वर बाराशे मीटरांवर तिथल्या लोकांच्या शाळा, कचेऱ्या आणि मंडया भरतात, हे भूगोलाच्या पुस्तकात वाचणे निराळे आणि मुंबईच्या दमट हवेत आयुष्य काढलेल्या माणसाने हातात पेटी घेऊन तिथला साधा जिना चढणे निराळे. आमच्या यजमानांनी तरुणपणी सह्याद्रीतील बहुतेक गड पायाखाली घातलेले असल्यामुळे त्यांना चढणीची तमा नव्हती. आणि आमच्या प्रवासाची तजवीज ज्यांच्याकडे होती त्या मंडळींनीही, सकाळी आकाश स्वच्छ असते या रास्त कारणास्तव, पहिल्याच दिवशी पिचिंचा ज्वालामुखीच्या उतारावर जाणारा रज्जुमार्ग कार्यक्रमपत्रिकेत घालून ठेवला होता.

दुपारनंतर तिथे ढग दाटतात, हे खरेच. परंतु तो पाळणा वीसएक मिनिटांत माणसाला सुमारे 4000 मीटरांवर नेऊन सोडतो आणि तेथे दर श्वासाला मिळणारा प्राणवायू समुद्रकाठच्या मानाने जेमतेम तीन-पंचमांश उरतो, ही बाब पत्रिकेत कोठेच नमूद नव्हती. वर पोचल्यावर कॅमेऱ्याच्या पिशवीचे बंद सोडविताना यजमानांची बोटे दोनदा चुकली, मग त्यांनी पिशवी तशीच मांडीवर ठेवली, आणि मी "अहो, खाली जाऊ या का?" असे विचारल्यावर "रात्री झोप झाली नाही, इतकंच," असे उत्तर आले, तेव्हा त्यांचे ओठ पिकलेल्या जांभळासारखे दिसत होते. कोतोपाक्सीचा हिमाच्छादित शंकू समोर लखलखत असताना मी उतरणारा पहिला पाळणा गाठला. पायथ्याशी त्यांचा श्वास सुधारला. डोकेदुखी आणि मळमळ मात्र दुसऱ्या दिवसापर्यंत पुरली, आणि तो दिवस खोलीतच गेला.

विरळ हवेचा हा विकार सुदृढ आणि दुर्बळ असा भेद करीत नाही. व्यायामाची सवय त्याच्यापुढे निरुपयोगी ठरते, आणि पुष्कळदा तो पोचल्याबरोबर न जाणवता काही तासांनी, बहुधा पहिल्या रात्री, डोके वर काढतो. म्हणून कितोतील स्थळे प्रसिद्धीच्या क्रमाने न पाहता उंचीच्या क्रमाने पाहावीत, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. डायमॉक्सची गोळी घ्यावयाची असल्यास ती निघण्यापूर्वी आपल्या वैद्यांच्या मसलतीनेच घ्यावी. चालताना झोक जाऊ लागला किंवा बोलणे असंबद्ध झाले, तर विश्रांतीची वाट न पाहता तत्काळ खाली उतरावे आणि डॉक्टर गाठावा.

आरंभ विषुववृत्ताच्या स्मारकापासून करावा, कारण ते शहरापेक्षा कमी उंचीवर आहे. 1736 साली फ्रेंच पंडितांचे मंडळ या प्रांतात पृथ्वीचा आकार मोजण्यासाठी आले आणि त्यांच्या मोजणीने, पृथ्वी ध्रुवांपाशी चपटी आहे या न्यूटनच्या मताला पुष्टी दिली, त्याचे स्मरण म्हणून तो 30 मीटर उंचीचा मनोरा उभा आहे. त्याच्या पायथ्याची पिवळी रेषा प्रत्यक्ष विषुववृत्ताच्या सुमारे 240 मीटर दक्षिणेस पडली असल्याचे उपग्रहांच्या मोजणीने आता ठरले आहे. तेव्हा एकेक पाय एकेका गोलार्धात ठेवल्याच्या समजुतीने काढलेली आम्हा उभयतांची छायाचित्रे निखालस दक्षिण गोलार्धातीलच ठरतात.

त्यानंतर जुने शहर. 1978 साली युनेस्कोने जागतिक वारशाची पहिली यादी केली तीत त्याचा अंतर्भाव झाला, आणि तेथे घाई करणे हा शुद्ध अविचार होय. 1605 ते 1765 इतका काळ बांधकाम चाललेल्या ला कोम्पान्या या जेझुइटांच्या चर्चमध्ये भिंतींपासून छतापर्यंत सोन्याच्या वर्खाचे इतके काम आहे, की नजर ठरविण्यासाठी बाकावर बसावेच लागते, आणि बसणे हेच त्या हवेतील पथ्य. बासिलिका या दुसऱ्या चर्चच्या पन्हळींच्या टोकांशी युरोपी राक्षसांऐवजी इग्वाना, कासवे आणि आर्माडिलो बसविले आहेत. ते खालून पाहून घ्यावेत आणि मनोऱ्यातील उभट लोखंडी शिड्यांची उठाठेव मागाहून करावी. पानेसियो टेकडीवरील पंखधारी कुमारिकेच्या पुतळ्याकडे पायऱ्यांनी न जाता टॅक्सीने जावे. यामागे दमापेक्षा वाटमारीची धास्ती अधिक. रज्जुमार्ग अगदी शेवटी ठेवावा.

आहारात पहिले काही दिवस दारू वर्ज्य; ला रोंदाच्या गल्लीत दालचिनीचा वास सोडणारे गरम कानेलासो त्यातच मोडते. शाकाहारी माणसाने बटाट्याचे, चीज आणि अव्होकाडो घातलेले लोक्रो मागवावे, पण कशात मांसाचा रस नाही ना, याची पृच्छा आधी करावी. घरून नेलेल्या पत्तीचा चहा मात्र बेचवच होतो, कारण पाणी तेथे सुमारे 90 अंशांवरच उकळते.

चलन 2000 सालापासून अमेरिकन डॉलर हेच आहे. पन्नास आणि शंभरांच्या नोटा दुकानदार सहसा स्वीकारीत नाहीत. टॅक्सीवालाही सुटे नसल्याचे सांगून मोकळा होतो. तेव्हा निघण्यापूर्वीच पाच आणि दहाच्या नोटांची बेगमी करावी, आणि बाजारात मोड म्हणून एका डॉलरचे पिवळसर नाणे हाती आले तर खोटे समजून परत करू नये. ते तेथे सर्रास चालते.